कोड लिहिणं सुटलं म्हणून काय झालं?

मॅनेजर झालो, आता बारा वर्षांचं कोडिंग पाण्यात गेलं का, असं तुम्ही विचारलंय. माझंही तेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ऑफिसचं. प्रोजेक्ट रखडला की वरून हमखास फर्मान सुटतं: आणखी पाच माणसं घ्या. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, हे अमेरिकी संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय. पाच जणांत आपसात बोलणाऱ्या जोड्या होतात 10, दहा जणांत 45. वर नव्यांना शिकवायला जुनेच बसणार. वाचून हे कुणालाही पटतं, पण दुसऱ्याच्या अर्धवट कोडमध्ये आठवडा घालवलेला माणूसच साहेबांना 'नको' म्हणायचं धाडस करतो.

मला कोडिंगचा खरा उपयोग झाला तो सोसायटीत. खजिनदारकी गळ्यात पडली (दुसरं कुणी तयार नव्हतं, एवढीच माझी पात्रता). थकबाकीवरचं व्याज तेव्हाच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) जास्तीत जास्त वर्षाला 21 टक्के होतं, आणि तेही सरळव्याज. आमची जुनी एक्सेल फाइल मात्र दर महिन्याला मागची 'एकूण बाकी' उचलून त्यावर पावणेदोन टक्के लावत होती. म्हणजे व्याजावर व्याज! दहा हजारांवर पहिल्या वर्षी जेमतेम 214 रुपये जास्त, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. तीन वर्षांत तोच फरक 2,374 होतो. मुद्दल आणि व्याज वेगळ्या कॉलममध्ये टाकलं, संपलं.

संपलं कसलं! सूत्र लिहिताना पुढचा प्रश्न आला: एखाद्याने अर्धेच पैसे भरले तर ते आधी कशात वळते करायचे, व्याजात की मुद्दलात? इतकी वर्षं प्रत्येक खजिनदाराने ते आपापल्या मनाने केलं होतं. माणसांत 'बघू नंतर' चालून जातं, सूत्रात ती जागा रिकामी ठेवता येत नाही. कमिटीच्या दोन मीटिंगा त्यावर गेल्या, भांडणंही झाली, पण ठराव लेखी झाला. कोड म्हणाल तर सगळा मिळून चार ओळींचा.

तेव्हा टीमच्या मुख्य कोडमध्ये आता हात घालू नका, तुमच्या मीटिंगा संपेपर्यंत पोरं ताटकळत बसतील. घरचा, सोसायटीचा एखादा किचकट हिशेब घ्या. आमची फाइल हवी असेल तर सांगा, थकबाकीदारांची नावं काढून पाठवतो.