कॅल्शियम 11.6 पण पीटीएच 'नॉर्मल' आलंय. आईला दूध देणं बंद करावं का?

दूध बंद करू नका. दुधाने कॅल्शियम इतकं चढत नाही. आहारातलं फार कमी केलं तर पीटीएच (मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं, रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं संप्रेरक) उलट आणखी वाढू शकतं.

आईंचं वय 56, मुतखडा दोनदा, कॅल्शियम 11.6 आणि पीटीएच 58 (लॅबची मर्यादा 15 ते 65) असं तुम्ही लिहिलंय. या दोन आकड्यांकडे एकत्रच बघायला हवं. कॅल्शियम वाढलं की पॅराथायरॉइड ग्रंथींनी गप्प बसायचं असतं, पीटीएच 20 च्याही खाली यायला हवं. ते 58 वर असेल तर ग्रंथीच जास्त काम करतेय. बहुतेकदा चारपैकी एका ग्रंथीत साधी गाठ असते, कॅन्सर नसतो.

तरी आधी खात्री करा. उपाशीपोटी, दंडाला पट्टा फार वेळ न आवळता, एकाच वेळी कॅल्शियम, अल्ब्युमिन, पीटीएच, क्रिएटिनिन आणि डी जीवनसत्त्व तपासा. अल्ब्युमिन 4 पेक्षा जितकं कमी, त्याच्या 0.8 पट कॅल्शियममध्ये मिळवायचं, 3.5 असेल तर 0.4. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर दोन-तीन दिवस आधी थांबवा, त्याने पीटीएच खोटं कमी दिसतं. बीपीची थायझाइड गोळी किंवा लिथियम चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. 24 तासांच्या लघवीतलं कॅल्शियमही हवंच. ते फारच कमी निघालं तर हा कॅल्शियम वाढण्याचा आनुवंशिक प्रकार असू शकतो आणि त्यात ऑपरेशनचा उपयोग नसतो.

पीटीएच तळाला असतं तर वाट वेगळी होती. तेव्हा कॅन्सर, टीबी आणि डीचा अतिरेक शोधावा लागतो. आठवड्याला एक घ्यायचं 60,000 युनिटचं पाकीट रोज घेतलं जातं, किंवा 6 लाखांची इंजेक्शनं एकामागून एक टोचली जातात. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून फार वाईट वाटतं.

निदान पक्कं झालं तर माझ्या मते ऑपरेशनच करावं. मुतखडा हे एकच कारण पुरेसं आहे. शिवाय कॅल्शियम 10.5 या वरच्या मर्यादेहून 1 पेक्षा जास्त वर आहे. सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन गाठ कुठे आहे ते सर्जनला दाखवण्यासाठी असतात. स्कॅन कोरा आला म्हणून आजार नाही असं होत नाही. ही ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जनच शोधा. नंतर ओठांना, बोटांना मुंग्या आल्या तर लगेच कळवा: भुकेली हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात.

तोवर पाणी भरपूर द्या. उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणं दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, सलाईन लावावं लागतं.