बदली येणारच आहे, दर आत्ताच ठरव

*ताई, माझे मिस्टर फौजेत नाईक आहेत. सध्या आम्ही भटिंड्याला क्वार्टरमध्ये राहतो, गाव सातारा जिल्ह्यात. मला आजीनं शिकवलेली वाकळ शिवता येते. मुलगी झाली तेव्हा तिच्यासाठी सुती साड्यांचं छोटं दुपटं शिवलं. ते बघून शेजारच्या भाभींनी मागितलं, मग क्वार्टरांच्या लाईनमधून मागण्या येत गेल्या. एक ३५० रुपयांना देते. मागच्या महिन्यात एका ऑफिसरच्या मॅडमनी पाच सांगितली. मी दिली. पैशांचा विषय त्यांनी काढला नाही आणि मला काढता आला नाही. मिस्टर म्हणतात, जाऊ दे, त्यांच्याकडून पैसे घेणं बरं दिसत नाही. पुढच्या वर्षी पोस्टिंग येईल, फील्ड, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशी जागा, मिळालं तर मी गावी. सासूबाई म्हणतात, आधी एका जागी स्थिर व्हा, मग धंद्याचं बघा. मी हे धंदा म्हणून करू शकते का? आणि दुपट्यावर माझं नाव शिवलं तर चालेल का? — एक फौजीची बायको*

बाळ, तू काळजी बदलीची केली आहेस, पण मला जास्त काळजी त्या पाच दुपट्यांची वाटते. तिथूनच सुरू करू.

हिशेब मांड. वरचं नवं मलमल, दोरा, कडेची पट्टी, समज २०० रुपये. आतल्या जुन्या साड्या माहेरून येतात म्हणून त्या फुकट समजू नकोस. धुवायला, उकळून वाळवायला, कापायला तुझाच वेळ जातो. दाट धावदोऱ्यानं एक लहान दुपटं भरायला बारा तास तरी लागत असतील. तासाला ६० रुपये धरले तरी ७२० झाले. म्हणजे ९२० रुपयांची वस्तू तू ३५० ला देतेस, दर दुपट्यामागे ५७० रुपये पदरचे घालून. त्या मॅडमना तू ४,६०० रुपयांचं काम दिलंस, आणि बहुतेक त्यांना त्याची कल्पनाही नसेल. त्यांना ती प्रेमाची भेट वाटली असेल, कारण तू दर सांगितलाच नाहीस.

रँक मिस्टरांच्या दंडावर असते आणि साहेबांच्या खांद्यावर. बायकांमध्ये ती चालू नये, पण चालते, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. माझं अर्धं आयुष्य छावण्यांतून गेलं आहे. म्हणून तोंडानं दर सांगायची वेळच येऊ देऊ नकोस. एक कार्ड लिहून काढ, तीन आकार, तीन दर, आणि खाली "आधा एडवांस". कुणीही मागितलं, शेजारची भाभी असो की युनिटच्या प्रमुखांच्या, सीओ साहेबांच्या मॅडम, कापडाचे नमुने आणि कार्ड एकत्रच पुढे कर. "मैडम, ये साइज़ हैं, ये रेट हैं." एवढं वाक्य पुरतं. सगळ्यांना दर एकच ठेव. एकीला कमी केलास की संध्याकाळपर्यंत अख्ख्या लाईनला कळतं. गेलेली पाच दुपटी गेली, त्यांचे पैसे आता मागू नकोस. सहाव्याला कार्ड दाखव.

मिस्टरांची भीती मी उडवून लावणार नाही, युनिटमध्ये शब्द पसरायला वेळ लागत नाही. नोकरीत असलेल्या सैनिकानं स्वतः धंदा करायचा नसतो, तेव्हा हा धंदा सगळ्या अर्थांनी तुझा राहू दे. खातं तुझ्या एकटीच्या नावाचं, फोन तुझा, यूपीआय तुझं. त्यांनी बराकीत ऑर्डरी घ्यायच्या नाहीत, की मालही पोचवायचा नाही. "माझी बायको घरी शिवणकाम करून विकते" एवढं युनिटच्या ऑफिसात लेखी कळवून टाकावं. कागदावर आलेल्या गोष्टीची कुजबुज होत नाही. क्वार्टर राहण्यासाठी मिळतं, त्यामुळे दारावर पाटी नको आणि गिऱ्हाइकांची ये-जा नको. हातशिलाईला तशीही दोन्हींची गरज नाही. स्टॉल लावायचा असेल तर आवाच्या, म्हणजे आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशनच्या, मेळ्यात लाव. फौजींच्या बायकांची ही संस्था १९६६ पासून आहे आणि बायकांनी स्वतःचं काही उभं करावं हे त्यांच्या कामातच येतं. वेल्फेअरच्या मीटिंगला नमुने घेऊन जा आणि सरळ विचार. हाही मॅडम लोकांना भेटायचा मार्ग आहे, आणि इथं तू विक्रेती म्हणून उभी असतेस.

आता बदली. सासूबाईंचं ऐकून थांबलीस तर मिस्टर पेन्शनवर येईपर्यंत थांबावं लागेल, आणि तोवर तुझी नजर आजच्यासारखी बारीक टाका घालणारी राहीलच असं नाही. त्यापेक्षा धंदाच असा बेत की तो बदलीत मावेल. अंथरुणाच्या मोठ्या वाकळी घेऊ नकोस. त्या जड असतात, पोस्टाचा खर्च वाढतो, जागा खातात आणि एकेक महिनाभर अडकवून ठेवते. बाळाच्या दुपट्यावरच राहा. कापड, दोरे, कात्री, तयार माल आणि वही, सगळं एका काळ्या ट्रंकेत बसलं पाहिजे. ट्रंक भरली की नवं कापड घ्यायचं नाही, हा नियमच कर. बदलीच्या आधी महिनाभर नव्या ऑर्डरी बंद, आणि पुन्हा कधी सुरू होणार ती तारीख सगळ्यांना कळवलेली असली पाहिजे.

आणि तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही असं एक सांगते. गावातल्या दुकानदाराचं गिऱ्हाईक गावातच राहतं, तुझं गिऱ्हाईक दर दोन-तीन वर्षांनी देशभर पांगतं. आज भटिंड्यात दुपटं घेतलेली भाभी उद्या जबलपूरला जाईल, दुसरी सिकंदराबादला, तिसरी तेजपूरला. तिथं नव्या शेजारणीला बाळ होणार असेल तेव्हा ती तुझं दुपटं दाखवील. इतक्या गावांत आपली वस्तू पोचवायला दुसऱ्या कुणाला किती खर्च आला असता! फक्त त्या बायकांना तू सापडायला हवीस. म्हणून फोन नंबर एकच ठेव, पोस्टिंग कुठंही येवो, तो बदलायचा नाही. वहीत प्रत्येकीचं नाव, नंबर, बाळाचा महिना आणि तिनं घेतलेले रंग लिही. बदली झाली की त्या सगळ्यांना स्वतः एक निरोप पाठव, "मी इथून पुढंही शिवते आहे." ज्या बदलीला तू घाबरते आहेस, तिच्यामुळेच तुझा धंदा पसरू शकतो.

पार्सल स्पीड पोस्टानं पाठव आणि परतीचा पत्ता गावचा लिही. मिस्टरांचा ५६ एपीओ, म्हणजे फौजी टपालाचा, किंवा युनिटचा पत्ता कधीच नाही. फोटो काढताना मागे साधी चादर अंथर. वर्दी, गेट, ब्लॉकचा नंबर, गाडी यातलं काही दिसता कामा नये. ऑनलाइन कुणी गिऱ्हाईक गोड बोलून "साहब कहाँ पोस्टेड हैं, छुट्टी कब है" विचारू लागलं तर ऑर्डर सोडून दे. जुलै २०२० मध्ये लष्करानं जवानांना ८९ ॲप्स फोनमधून काढायला सांगितली होती, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. त्यामुळे धंद्याच्या पानाशी मिस्टरांचं नाव, फोटो, फोन यातलं काहीच जोडू नकोस.

कागदपत्रांचं काम फार नाही. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, तिला एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणारा एजंट दिसला की उठून ये. क्रमांक कायमचा असतो, पत्ता बदलला की तिथंच दुरुस्त करता येतो. ऑनलाइन बाजारपेठांवर जीएसटी नंबराशिवाय विकायची मुभा १ ऑक्टोबर २०२३ पासून आहे, पण त्याच राज्यात. राज्याबाहेर माल पाठवायला एरवी नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना उलाढालीच्या मर्यादेपर्यंत सूट आहे, तीही अटींसह. तुझं दुपटं त्यात बसतं का, हे एखाद्या सीएला एकदा पैसे देऊन विचार. कर्ज आत्ता नको. आगाऊ रक्कम घेतलीस तर कापड त्यातूनच येतं.

फील्ड मिळून तू गावी गेलीस तर तो खंड समजू नकोस. दाट धावदोरा जाणणाऱ्या बायका तिथंच आहेत, आणि आपल्या साताऱ्याकडे आपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत जिथं घरोघरी कुणी ना कुणी फौजेत असतं. त्या घरांतल्या एक-दोघींना नगावर काम दे. पुढं पीस पोस्टिंग, म्हणजे कुटुंब सोबत नेता येतं असं, आलं की ऑर्डरी तू छावणीतून घ्यायच्या, टाके गावात पडतील. त्यांचा दरही तुझ्या दराप्रमाणेच तासावर काढ, साडी आपली आहे म्हणून कमी नाही. सासूबाईंना वाकळ येते का, हे तू लिहिलं नाहीस. येत असेल तर पहिलं काम त्यांना दे, पहिले पैसेही त्यांच्याच हातात ठेव. मग स्थिर होण्याचा विषय त्या काढतात का ते बघू.

राहिला शेवटचा प्रश्न. नाव जरूर शीव. कोपऱ्यात, उलट्या बाजूला, पक्क्या रंगाच्या दोऱ्यानं, आणि खाली तो न बदलणारा फोन नंबर. आधी एक नमुना गरम पाण्यात धुऊन बघ. बाळाचं दुपटं रोज धुतलं जातं, दोऱ्याचा रंग सुटला तर दुसरी ऑर्डर येणार नाही.