युक्रेनला पोलंडमध्ये एवढा पाठिंबा आणि शेजारच्या हंगेरीत एवढा कमी, असं का?

आधी एक दुरुस्ती. पोलंड आणि हंगेरी शेजारी नाहीत, मध्ये स्लोव्हाकिया आहे. युक्रेनला मात्र दोघंही लागून आहेत आणि रशियाचा मार दोघांनीही खाल्लाय. 1956 मध्ये सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले, तेव्हा पोलंडच्या लोकांनी हंगेरियन जखमींसाठी रक्तदान केलं होतं. त्यामुळे 'ज्याला रशियाने छळलं तो युक्रेनच्या बाजूने' हे सोपं उत्तर बाद.

मी पोलंडमध्ये क्राकोवला एका मालवाहतूक कंपनीत गाड्या लावायचं काम बघतो. फेब्रुवारी 2022 मध्ये युद्ध सुरू झालं, तेव्हा आमचा साठीला टेकलेला एक ड्रायव्हर ऑफिसात आला आणि म्हणाला, गाडी द्या, डिझेलचं माझं मी बघतो. ब्लँकेटं, डायपर, औषधं भरून युक्रेनच्या सीमेवरच्या मेडिकाच्या नाक्यावर जायचा आणि येताना शेजारच्या सीटवर कुठली तरी बाई आणि तिचं लेकरू घेऊन यायचा. त्यातलं एक कुटुंब त्याने स्वतःच्या घरातच ठेवून घेतलं. आणि या माणसाच्या आजीचं गाव कुठलं, तर व्होलिनमधलं, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनमधलं! 1943 मध्ये तिथे युक्रेनी राष्ट्रवाद्यांनी हजारो पोलिश गावकरी कापून काढले. आजीचे भाऊ त्यातच गेले. मी त्याला एकदा विचारलंच. तो वाकून टायरची हवा बघत होता. मान वर न करता म्हणाला, "तो हिशेब आमचा-त्यांचा आहे, नंतर करू. आधी मॉस्को."

हे प्रेम नाही, भीती आहे, आणि ती रास्त आहे. 17 सप्टेंबर 1939 ला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरल्या. 1940 मध्ये कातिन आणि इतर ठिकाणी सुमारे 22,000 पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या, त्यात बरेच लष्करी अधिकारी होते. मॉस्कोने ते कबूल केलं थेट 1990 मध्ये. युक्रेन पडला तर पुढचा नंबर आपला, हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

हंगेरीचं दुखणं वेगळं. 1920 च्या त्रियानोंच्या तहात त्यांचा दोन तृतीयांश मुलूख गेला. त्यातला ट्रान्सकार्पेथिया आज युक्रेनमध्ये आहे आणि 2001 च्या जनगणनेत तिथे दीड लाखावर हंगेरियन होते. 2017 मध्ये युक्रेनने शिक्षणाचा कायदा बदलून अल्पसंख्याकांच्या भाषेतल्या शिक्षणावर मर्यादा आणली, तेव्हापासून कुरबुर वाढली. शिवाय तेल रशियाचं, पाक्शची अणुभट्टी सोव्हिएत काळातली. आमच्याकडच्या हंगेरियन सहकाऱ्याची मावशी तिकडे बेरेहोवेला असते. आघाडीवरची बातमी आली की हा आधी फोन लावणार, मावसभावाला भरतीची नोटीस तर आली नाही ना! त्याने युक्रेनी सैन्यावर जीव ओवाळून टाकावा ही अपेक्षा कशी करायची?

आमचे साडू हे मानत नाहीत. त्यांचं एकच पालुपद: लोक मेंढरं असतात, टीव्ही हाकेल तिकडे जातात. मग मला सांगा, 2022 मध्ये पोलंडची सरकारी वाहिनी सत्ताधारी पक्षाचा भोंगा होती आणि विरोधकांचे मतदार तिच्याकडे बघतही नव्हते. न्यायालयं, गर्भपात, युरोपियन युनियन, कशावरही दोन्ही बाजूंचं पटत नव्हतं. युक्रेनवर पटलं. ते कोणत्या टीव्हीने पटवलं? तुमच्याही घरात असे कोणी साडू असतील तर त्यांना हा प्रश्न जरूर विचारा.

हां, हंगेरीत टीव्हीचा हात नाही असं माझं म्हणणं नाही. 2018 मध्ये तिथली 400हून अधिक माध्यमं सरकारधार्जिण्या एका प्रतिष्ठानाखाली आली. एप्रिल 2022 ची निवडणूक तेव्हाचे पंतप्रधान ऑर्बान यांनी 'आम्ही शांतता राखू, विरोधक युद्धात ओढतील' असं सांगत जिंकली. पण हाच प्रचार पोलंडमध्ये करून बघा, डिपॉझिट जप्त होईल. आणि युद्धाच्या सुरुवातीला सीमेवरच्या झाहोनी स्टेशनवर निर्वासितांना मदत करणाऱ्यांत सामान्य हंगेरियन माणसंही होती, हेही सांगायला हवं.

पोलंडमध्येही सगळं गोडीगुलाबीचं नाही. युरोपियन युनियनने 2022 मध्ये युक्रेनी ट्रकना परवान्यांतून सूट दिली, त्यामुळे आमची भाडी पडली असं इथले वाहतूकदार म्हणतात. नोव्हेंबर 2023 मध्ये त्यांनी युक्रेनच्या सीमेवरचा दोरोहुस्कचा नाका अडवला आणि आमचा तो ड्रायव्हरही त्यात उभा होता. साडूंचा लगेच मेसेज, "संपलं ना प्रेम?" संपायला प्रेम होतं कुठे! लष्करी सामान आणि मदतीच्या गाड्या अडवायच्या नाहीत असं आंदोलकांचं ठरलेलं होतं. त्यामुळे पाठिंब्याचे आकडे वाचाल तेव्हा प्रश्न काय विचारला होता ते आधी बघा. शस्त्रं द्यावीत का, निर्वासितांना भत्ता द्यावा का, युक्रेनचं धान्य येऊ द्यावं का, आपले सैनिक पाठवावेत का, या चारही प्रश्नांना आमचा ड्रायव्हर एकच उत्तर देणार नाही.