वर्गांक यंत्र देत असेल, तर मी काय शिकू?

ग्रंथालयशास्त्राची पदवी झाल्यावर डिजिटल रिपॉझिटरीतल्या, म्हणजे ऑनलाइन संग्रहातल्या, शोधनिबंधांचं विषय-वर्गीकरण करायची तुझी इच्छा आहे. पण ‘ते आता संगणकच करतो’ असं मित्रमैत्रिणींनी सांगितल्यापासून तू धास्तावली आहेस, असं तुझं पत्र सांगतं.

त्यांचं म्हणणं खोटं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने २०२२मध्ये मेडलाइन या वैद्यकीय लेखांच्या सूचीतल्या लेखांना विषयशीर्षकं देण्याचं काम स्वयंचलित केलं. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘अ‍ॅनिफ’ हे विषय सुचवणारं सॉफ्टवेअर तर कोणालाही मोफत वापरता येतं. त्यामुळे दिवसभर नुसते वर्गांक, म्हणजे विषय दाखवणारे क्रमांक, भरायची नोकरी मिळेल, या आशेवर राहू नकोस. पण मेडलाइनमध्येही यंत्राने दिलेली शीर्षकं गरजेनुसार माणसं तपासतात, सुधारतात. तुझी जागा तिथे आहे.

समज, ‘मशीन लर्निंगद्वारे भातावरील रोगांची ओळख’ असा निबंध आला. सारांशात अल्गोरिदमचीच भाषा, म्हणून यंत्र ड्यूई या दशांश वर्गीकरण-पद्धतीतला ००६.३१ सुचवेल, म्हणजे मशीन लर्निंग. ड्यूईचा नियम वेगळं सांगतो: एका विषयाचा दुसऱ्यावर वापर होत असेल, तर ज्यावर वापर होतो त्या विषयात निबंध ठेवा. म्हणजे तो ६३३.१८खाली, भातात जायला हवा. नाहीतर वर्गांकानुसार चाळणाऱ्या भात-संशोधकाला तो दिसणारच नाही. पण लेखकाने नवा अल्गोरिदमच मांडला असेल आणि भाताची पानं केवळ चाचणीपुरती घेतली असतील, तर निर्णय उलटा होतो. शीर्षकावरून हे कळत नाही. पद्धती आणि निष्कर्ष वाचावेच लागतात. या कामातलं खरं कसब मला इथेच दिसतं, आणि ते कमवायला वेळ लागतो.

म्हणून ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचं १९३३चं कोलन वर्गीकरण परीक्षेपुरतं वाचून सोडू नकोस. विषयाचे पैलू सुटे करून पाहायची सवय त्यातूनच लागते. गणिताची एमएससी (मॅथेमॅटिक्स सब्जेक्ट क्लासिफिकेशन), अर्थशास्त्राची जेईएल अशा त्या त्या शाखेच्या वर्गीकरण-योजनाही चाळ. जोडीला रिपॉझिटरी चालवायचं सॉफ्टवेअर डीस्पेस, मेटाडेटाचं म्हणजे निबंधाच्या वर्णन-नोंदींचं मानक डब्लिन कोअर आणि थोडं पायथन प्रोग्रामिंग हवंच.

जाहिराती पाहताना ‘मेटाडेटा लायब्रेरियन’, ‘रिपॉझिटरी मॅनेजर’ ही पदनामं शोध. ‘वर्गीकरणकार’ असं पद क्वचितच निघतं.

तोवर तुझ्या आवडीच्या एकाच विषयातले खुले निबंध घे. आधी स्वतः विषय ठरव, मग अ‍ॅनिफला विचार. जिथे मतभेद होईल तिथे कोणाचं बरोबर आणि का, हे दोन ओळींत लिहून ठेव. मुलाखतीला जाताना ती फाइल बरोबर ने.