दवबिंदूला खत नको, पाणी मात्र पावसाचंच

श्रावण-भाद्रपदात कोकणातले सडे, म्हणजे जांभ्या कातळाची सपाट माळरानं फुलली की या पानासाठी दवबिंदूची, म्हणजे चिकट थेंबांनी किडे पकडणाऱ्या त्या रोपाची पत्रं यायला लागतात आणि यंदा तर ढीग झालाय. कुणी सड्यावर बघून आलंय, कुणी ऑनलाइन रोप मागवलंय, कुणाचं मेलंय. सारखे प्रश्न एकत्र करून थोडे निवडलेत, बाकीच्यांनी यातच आपलं उत्तर शोधा.

ताई, माटवीचं (गणपतीवर टांगायच्या मंडपीचं) सामान आणायला सड्यावर गेलो होतो तिथे कातळावर लाल, चिकट थेंबांची बारीक रोपं दिसली. चार रोपं मुळासकट काढून आणली, लाल माती आणि शेणखत घालून कुंडीत लावली, रोज पाणी घातलं तरी आठ दिवसांत काळी पडली. काय चुकलं? (एक वाचक, राजापूर)

तुम्ही बघितलात तो दवबिंदूच. उभं, लांब बारीक पानांचं आणि गुलाबी फुलाचं रोप असेल तर तो गवती दवबिंदू म्हणजे ड्रोसेरा इंडिका, आणि जमिनीला चिकटून बसलेलं रुपयाएवढं लालसर चक्र, मधून दांडा आणि त्यावर पांढरी फुलं असतील तर ड्रोसेरा बर्मानी. दोन्ही आपल्या कातळावरची पावसाळी मंडळी, पावसाच्या सुरुवातीला बी रुजतं, गणपतीच्या सुमारास फुलतात आणि दिवाळीनंतर सडा वाळला की संपतात, मागे उरतं ते धुळीसारखं बारीक बी आणि ते उन्हाळाभर त्या तापलेल्या कातळावर पडून राहतं. म्हणून स्पष्टच सांगते, सड्यावरून रोपं उपटून आणू नका हो. एक तर ते रोप तसंही दोन-तीन महिन्यांचंच सोबती, आणि बी पडायच्या आधी काढलंत तर पुढच्या वर्षी त्या जागी यायला बीच राहत नाही. आपल्याकडे सड्याला पडीक जमीन म्हणायची सवय आहे, चिऱ्याच्या खाणी निघतात, रस्ते जातात, वर आपण हौसेनं पिशव्या भरून रोपं न्यायला लागलो तर उरणार काय?

आता शेणखताचं. जांभ्याच्या कातळावर माती असून असून किती, बोटभर, आणि पाऊस एवढा की त्यातलं नत्र वगैरे सगळं वाहून जातं. अशा ठिकाणी जगायचं म्हणून हे झाड नत्र आणि स्फुरद किड्यांकडून घेतं, मुळं जेमतेम धरून ठेवायला आणि पाणी ओढायला. त्या मुळांना खताची ताकद झेपतच नाही, ती जळतात, मग रोप काळं पडणारच. शेणखत, गांडूळखत, युरिया, तांदूळ धुतलेलं पाणी, यातलं काहीही नको. आपल्याला झाडावर प्रेम म्हणजे काहीतरी घालणं असं वाटतं, या झाडाला मात्र कातळावर जे मिळतं तेवढंच द्यायचं, म्हणजे ऊन, पावसाचं पाणी आणि निकस माती.

पुढच्या वेळी सड्यावर गेलात, कातळशिल्पं बघायला कशेळी-देवाचे गोठणेकडे गेलात तरी चालेल, तर एक भिंग न्या आणि पाय जपून ठेवत खाली वाकून बघा. पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला एक लाल गाठ असते आणि तिच्यावर काचेसारखा थेंब. चिलट येऊन टेकतं, एक पाय चिकटतो, तो सोडवायला दुसरा पाय टेकवतं, तोही चिकटतो, जितकं धडपडतं तितकं अजून गुंततं आणि बाजूचे केस त्याच्याकडे वाकायला लागतात. बर्मानीचे कडेचे केस तर काही सेकंदांत वळतात, डोळ्यांना दिसतं. त्याच सड्यावर निळी-जांभळी सीतेची आसवं पण असतील, तीही किडे खाणारीच, फक्त तिचे सापळे म्हणजे ओल्या मातीत लपलेल्या बारीक पिशव्या.

मी केप सनड्यू ही दवबिंदूची परदेशी जात ऑनलाइन मागवली. रोप आलं तेव्हा थेंब चमकत होते, आता पानं कोरडी आहेत. खिडकीत ठेवलंय, नळाचं पाणी उकळून गार करून घालते. (एक वाचक, रत्नागिरी)

ड्रोसेरा केपेन्सिस, मूळ दक्षिण आफ्रिकेतलं, शिकायला चांगलं झाड आहे. प्रवासातून आल्यावर थेंब जातातच, नवीन पानांवर परत येतात, पण तुमच्याकडे मला पाण्याचा संशय येतोय. उकळून जंतू मरतात, क्षार जात नाहीत, उलट पाणी आटतं तसं ते अजून दाट होतात. कॅन्डल फिल्टरनंही क्षार जात नाहीत. या झाडाला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भागांच्या) खालचं पाणी लागतं, फार तर कधीतरी १०० पर्यंत चालवून घेईल. टीडीएस मोजायचं पेनासारखं यंत्र स्वस्तात मिळतं, दवबिंदू पाळायचा असेल तर कुंडीच्या आधी ते घ्या असं मी म्हणेन. घरात आरओ असेल तर त्याचंही पाणी मोजा, कारण बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळायची सोय असते. एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी चालतं. विहिरीचं? कातळातल्या काही विहिरींचं पाणी खूप हलकं असतं, पण खाडीजवळच्या विहिरीला उन्हाळ्यात खारं पाणी लागतं, तेव्हा मोजल्याशिवाय नको.

आणि आपण कोकणात राहून पाणी विकत का घ्यायचं, चार महिने वरून डिस्टिल्ड वॉटरच पडतंय! पहिल्या दोन-चार पावसांत हवेतली धूळ आणि समुद्राकडून आलेलं मीठ खाली येतं, ते सोडून द्या, मग अंगणात उघड्यावर स्वच्छ टब ठेवा. कौलांवरून आलेलं पाणी पण चालेल, पण सिमेंटचा पत्रा किंवा नवीन स्लॅब असेल तर त्यातून चुना उतरतो, ते घेऊ नका. गडद रंगाच्या कॅनमध्ये झाकण घट्ट लावून सावलीत ठेवलं की शेवाळ धरत नाही आणि तेच पुढच्या जूनपर्यंत पुरवायचं.

दुसरं म्हणजे ऊन. खिडकीत म्हणजे नक्की कुठे? दिवसाचे चार-पाच तास थेट ऊन नसेल तर पानं हिरवी, लांबट होतात आणि थेंब येत नाहीत. सकाळचं ऊन येईल अशा पडवीच्या कडेला हलवा. सवय हळूहळू लावा, एकदम दुपारच्या उन्हात नको.

कुंडीत भरायला काय घ्यावं? आमच्याकडे नारळाचा काथ्या फुकट आहे आणि समोर समुद्राची वाळू. (एक वाचक, मालवण)

वाळू आधी सांगते, समुद्राची अजिबात नको. मीठ धुवून जाईलही, पण शिंपल्यांचा चुरा राहतो आणि तो म्हणजे चुनाच. नदीची वाळू घेतलीत तरी थोडी वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओता, बुडबुडे आले तर ती बाद. काथ्याचा कोकोपीट काही जण वापरतात, पण सोडणं (नारळाची सालं) खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली की त्यात मीठ भरपूर असतं, आणि नसली तरी पोटॅशियमचे क्षार असतातच, म्हणून पावसाच्या पाण्यात भिजवून पिळायचं, परत भिजवायचं, असं निघालेल्या पाण्याचा टीडीएस उतरेपर्यंत करावं लागतं. एवढी मेहनत नको असेल तर सरळ खत न मिसळलेलं पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) निम्मं निम्मं घ्या. पाकीट वाचून घ्या, आजकाल सगळ्यात खत टाकून देतात. कुंडी प्लॅस्टिकची, मातीच्या कुंडीत क्षार साठतात. खाली ताटली आणि ताटलीत बोटभर पाणी कायम, वरून पाणी घालायची गरज नाही.

ताटलीत डास होतात ते मात्र विसरू नका, आपल्याकडे डेंग्यू आहे. आठवड्याला ताटली रिकामी करून पुसा, उन्हाळ्यात पाणी जपायचं असेल तर फडक्यातून गाळून परत वापरा.

ताई, मी नववीत आहे. दवबिंदू ठेवला तर घरातले डास संपतील का? आणि त्याला किडे मिळाले नाहीत तर आईच्या डब्यातला सुका जवळा घातला तर चालेल का? (गुहागर)

बाळा, प्रश्न छान विचारलास. डास संपणार नाहीत, एखाददुसरा अडकेल, जास्त करून चिलटंच अडकतात, त्यामुळे मच्छरदाणी लावायचीच. जवळा नको, त्यात मीठ असतं आणि त्याचा तुकडा पानाला मोठा होतो, मग पचायच्या आधी बुरशी येते आणि पान जातं. मटण, पनीर, दूध पण नको. मेलेलं चिलट चिमट्यानं पानावर ठेवलंस तर चालेल, किंवा माशांना घालतात ते सुके ब्लडवर्म कणभर, पावसाच्या पाण्यात ओले करून, पंधरा दिवसांतून एखाद्या पानावर. नाही घातलंस तरी मरत नाही, बाहेर ठेवलेलं झाड आपलं आपण पकडतं.

पण खायला मिळाल्यानं फरक पडतो का, हे चार्ल्स डार्विनच्या घरी तपासून झालंय. डार्विननं दवबिंदूच्या पानांवर मांसाचे कण, अंड्याचा पांढरा भाग, काचेचे तुकडे असं काय काय ठेवून बघितलं आणि १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं. पावसाचे थेंब पडून केस वाकत नाहीत हेही त्यानं नोंदवलंय, विचार कर, वाकत असते तर आपल्या पावसात झाडाचं काय झालं असतं! पुढे १८७७ मध्ये त्याचा मुलगा फ्रान्सिस यानं काही झाडांना खाऊ घातलं आणि काहींना उपाशी ठेवलं, तर खाल्लेल्यांना बी कितीतरी जास्त आलं. तू दोन कुंड्यांत हेच करून बघ, शाळेच्या प्रदर्शनाला ठेवता येईल. फक्त दोघींना ऊन-पाणी सारखंच दे आणि वही ठेव.

आषाढात सगळे थेंब धुवून गेले, झाड आत घेऊ का? (देवगड)

थेंब धुतले तर धुवू दे, उघडीप मिळाली की परत येतात. पागोळीखाली मात्र ठेवू नका, त्या धारेनं माती उडते आणि पानं मोडतात. आठ-आठ दिवस ऊनच नसेल तर आत पांढऱ्या एलईडी दिव्याखाली, झाडापासून वीतभर वर, दहा-बारा तास.

आजी म्हणता, "ह्या कसला झाड हाडलंस गो, पोराक चावात." घरात दीड वर्षाचं बाळ आहे. (कणकवली)

आजीला सांगा, चावत नाही. बोट लावलं तर चिकट लागतं एवढंच, केसांत एवढी ताकद नसते. पण बाळ तोंडात घालेल आणि कुंडीतलं परलाइट खाईल म्हणून उंचावर ठेवा, ते कुठल्याही कुंडीच्या बाबतीत करावंच.

माझी बर्मानी फुलून गेली आणि आता सुकतेय. काळजी घेऊनही असं का? आणि पुढे दुसरं कुठलं घेऊ? (वेंगुर्ला)

तुमची काळजी कमी पडलेली नाही, तिचं आयुष्यच तेवढं. सुकलेला दांडा कापून फेकू नका, कागदावर हलके झटका, काळं बारीक बी पडेल. ओल्या पीटवर ते नुसतं वरून भुरभुरवायचं, मातीखाली गाडायचं नाही, त्याला उजेड लागतो. वर पारदर्शक डब्याचं झाकण ठेवा, काही आठवड्यांत टाचणीच्या टोकाएवढी रोपं दिसतील. काही बी कागदात बांधून कोरड्या जागी पुढच्या पावसासाठी ठेवा. दुसरं घ्यायचं तर दवबिंदूचीच दुसरी जात, ड्रोसेरा स्पॅटुलाटा घ्या, आपली गरमी सोसते आणि वर्षानुवर्षं टिकते. केपेन्सिसला एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली द्यावी लागते. ड्रोसेरा रोटुंडिफोलिया कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, ती थंड देशातली, तिला कडक हिवाळ्याची झोप लागते आणि ती वेंगुर्ल्याला मिळणार नाही. विकणाऱ्याला एक गोष्ट नक्की विचारा, रोप बियांपासून किंवा टिश्यू कल्चरनं (प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून) वाढवलंय की रानातून काढलंय, आणि उत्तर नीट मिळालं नाही तर घेऊ नका.