वाचकांचे प्रश्न : पुढचा खर्च नेमका कशावर करावा?

प्रश्न : वडिलांनी जमवलेल्या शास्त्रीय संगीताच्या दीडएकशे एलपी आणि आजोबांच्या काही ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड मी जपून ठेवल्या आहेत. घरी टर्नटेबल, सीडी प्लेअर, ४० वॉटचा ॲम्प्लिफायर आणि शोकेसमध्ये ठेवलेले ८८ डेसिबल संवेदनक्षमतेचे दोन स्पीकर आहेत. रोज रात्री एक एलपी ऐकतो. विलंबित ख्याल उत्तम ऐकू येतो. परंतु बाजू संपत आली की द्रुतातल्या ताना फाटतात. शिवाय डग्गा फार घुमतो. दुकानदार ८० वॉटचा ॲम्प्लिफायर घ्या म्हणतात. हाताशी तीस हजार रुपये आहेत. आधी काय बदलावे?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : ॲम्प्लिफायरला तूर्त हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ताना ‘बाजू संपत आली की’ फाटतात, हे आपण सहज लिहून गेला आहात, पण सगळे निदान त्यातच आहे. ॲम्प्लिफायर कमी पडत असता, तर आवाज चढेल तिथे, म्हणजे बाजूच्या आरंभीसुद्धा, गाणे फाटले असते. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते; त्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाचणी सरकते, तर लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढीच तान तिथे निम्म्याहूनही कमी जागेत कोरलेली असते आणि झिजलेल्या सुईला ती दाट वळणे पकडता येत नाहीत. खात्रीसाठी एखादी जोरकस तानांची सीडी तेवढ्याच आवाजात लावून पाहावी. ती स्वच्छ वाजली, तर ॲम्प्लिफायर आणि स्पीकर दोन्ही निर्दोष समजावेत.

सुई शेवटची कधी बदलली, हे आपण लिहिलेले नाही. हिऱ्याच्या सुईचे आयुष्य साधारणपणे ५०० ते १,००० तास धरतात. रोज एका एलपीच्या दोन्ही बाजू म्हणजे सुमारे चाळीस मिनिटे, वर्षाकाठी अडीचशे तासांच्या आसपास. चार वर्षांत ती मर्यादा गाठली जाते. घड्याळजीकडच्या भिंगातून, वर दिवा धरून, सुईचे टोक पाहावे. गोलाईऐवजी दोन बाजूंना चकाकणारे सपाट पैलू दिसले, तर त्या सुईने यापुढे एकही रेकॉर्ड वाजवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण तसे टोक खाचणीच्या भिंती खरवडते आणि ती हानी भरून निघत नाही. ॲम्प्लिफायर पुढच्या वर्षीही मिळेल. वडिलांची रेकॉर्ड तशी पुन्हा मिळणार नाही. सुई ज्या छोट्या भागात बसवलेली असते, त्या कार्ट्रिजचा प्रकार मूव्हिंग मॅग्नेट असेल, तर बहुधा केवळ सुई बदलता येते. शक्य असेल तर लंबवर्तुळाकार टोकाची घ्यावी, ती आतल्या खाचण्यांत अधिक चांगली बसते. रेकॉर्डवर पडणारा सुईचा भार उत्पादकाने सांगितला असेल तेवढाच ठेवावा. तो कमी केल्याने रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे. हलकी पडलेली सुई खाचणीत उडते आणि अधिक नुकसान करते.

दुकानदारांच्या सल्ल्याविषयी : ४० वॉटचे ८० झाले, तर वाढ होते अवघी ३ डेसिबल, आणि ती कानाला जेमतेम जाणवते. आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. आपले स्पीकर तर एका वॉटला एक मीटरवर ८८ डेसिबल देतात. बैठकीच्या खोलीत ख्याल ऐकायला एवढे वॉट भरपूर आहेत.

डग्गा घुमण्याला मला शोकेसवर संशय आहे. स्पीकर तिथून काढून मजबूत स्टँडवर, कोपऱ्यापासून दूर आणि मागच्या भिंतीपासून निदान हातभर पुढे ठेवावेत. ट्विटर, म्हणजे स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भाग, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. मग चार दिवस त्याच रेकॉर्ड पुन्हा ऐकाव्यात. एवढे करूनही तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणकार, धूसरच वाटली, तर उरलेले पैसे स्पीकरवर खर्च करावेत. खरेदीला जाताना रोजच्या ऐकण्यातली सीडी सोबत न्यावी, कारण दुकानातल्या नमुन्याच्या गाण्यावर कोणताही स्पीकर शोभून दिसतो.

आजोबांच्या रेकॉर्डवर मात्र ही नवी सुई टेकवू नये. ७८ची खाचणी बरीच रुंद असते आणि एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते. त्यांच्यासाठी रुंद टोकाची वेगळी सुई मिळते. ती घेईपर्यंत त्या पाकिटांतच, उभ्या ठेवलेल्या बऱ्या.