केनिया समजून घ्यायचाय? आधी एवढंच बघ

चांगला देश निवडलास. पण राजे-राजधान्या-नद्या पाठ करत बसू नकोस. आधी कोरा नकाशा घे आणि त्यावर दोनच रेघा ओढ: आडवं विषुववृत्त आणि उत्तर-दक्षिण जाणारी खचदरी (जमीन खचून तयार झालेली लांबलचक दरी). दरीच्या दोन्ही अंगांना उंच, सुपीक, चहाचे मळे असलेला प्रदेश. उत्तर-पूर्वेला कोरडा, विरळ वस्तीचा मुलूख. लोक कुठे राहतात आणि का, हे इथेच उलगडायला लागतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- विषुववृत्त म्हणजे उकाडा, असं धरून चालतात. नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे. जुलैत तिथे स्वेटर लागतो.
- किलिमांजारो केनियात दाखवतात. तो टांझानियात आहे. केनियातलं सर्वोच्च शिखर माउंट केनिया, ५,१९९ मीटर.
- जुना, आठ प्रांतांचा नकाशा वापरतात. २०१० च्या राज्यघटनेने त्यांच्या जागी ४७ काउंटी, म्हणजे स्वतःचं सरकार असलेले छोटे विभाग, आणल्या. तिथला गव्हर्नर लोकच निवडतात, आपल्या राज्यपालासारखा तो नेमलेला नसतो.

राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा नियम मात्र नीट वाच, मला तो फार आवडतो: निम्म्याहून जास्त मतं तर हवीतच, शिवाय किमान २४ काउंट्यांमध्ये प्रत्येकी २५ टक्के. एकाच भागाच्या जोरावर निवडून येता येत नाही.

न्यायव्यवस्था, पक्षांच्या आघाड्या सध्या राहू दे. नकाशा झाला की दाखव, पुढचं बोलू.